चार लिटर

तिनं स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं, बिस्किटांचा डबा काढून हलवून बघितला आणि पिशवीत टाकला. त्यामागोमाग दाण्यांची बरणी, अर्धा पाव, मनुकांची पुडी, जॅमची बाटली. फ्रिजमधून दूध, अंडी, चीज आणि सहा टोमॅटो. टोमॅटो तिनं एकेक करून टाकले. शेवटचा इतक्या जोरात पडला की तो तळाशी फुटल्याचं तिला आवाजावरून कळलं, पण तिनं वाकून पाहिलं नाही.

बाबा दाराच्या चौकटीला टेकून हे पाहत होते. एकाहत्तराव्या वर्षीही त्यांचे खांदे रुंद होते आणि आयुष्यभर नळकाम केलेले हात जाड, चिरा पडलेले. आज मात्र ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी ते आधी खिशात घातले, मग पाठीमागे नेले.

“अंडी तरी राहू दे,” ते म्हणाले. “कच्ची अंडी काय मी खाणार आहे?”

“तुमचा भरवसा नाही.”

पिशवी घेऊन ती जिन्यापलीकडच्या दारात गेली. शेजारच्या बाईंना तिनं सांगितलं की हे उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा, आणि यांनी काहीही कारण सांगून मागितलं तरी देऊ नका. बाई हसल्या. ती हसली नाही तेव्हा त्यांनी हसू आवरतं घेतलं आणि पिशवी आत नेली.

तीन आठवड्यांपूर्वी हा प्रयत्न एकदा फसला होता. बाबांच्या शौचातून रक्त जातंय असं तपासणीत निघालं, म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. मागच्या वाटेनं दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. त्यासाठी आतडं धुऊन काढल्यासारखं रिकामं लागतं. आदल्या दिवशी जेवण बंद, आणि पुड्यांचं औषध पाण्यात कालवून चार लिटर प्यायचं, अर्धं आदल्या दुपारी आणि अर्धं त्या दिवशी सकाळी. बाबा म्हणाले होते, मी काय कुक्कुलं बाळ आहे, माझं मी घेईन. तिनं विश्वास ठेवला. ती एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या, तरी विभागप्रमुखांच्या हातापाया पडून तिनं एक दिवसाची रजा मिळवली होती. बाबांना आत नेल्यावर दहाव्या मिनिटाला डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले आणि म्हणाले, आत काही म्हणजे काही दिसत नाही, टोमॅटोच्या बियासुद्धा आहेत. मागून आलेली नर्स बाबांना म्हणाली, “आजोबा, बागच लावलीत की आत.” बाबा भुलीच्या गुंगीत हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते तिला एकटीला.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, तर ते म्हणाले की सगळं औषध घेतलं होतं, औषधच बरोबर नसेल. बावीस वर्षं द्रावणं बनवणाऱ्या बाईला त्यांनी हे सांगितलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती तीन आठवडे तिथंच होती.

म्हणून या वेळी ती आदल्या दिवशी सकाळीच कपड्यांची बॅग घेऊन त्यांच्या घरी आली. दवाखान्यानं दिलेला कागद तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवला. त्यात काय चालेल आणि काय चालणार नाही ते छापलं होतं, त्यातल्या ‘चालणार नाही’ खाली तिनं लाल पेनानं दोनदा रेघ ओढली. दुपारी बाबांना गाळलेलं सूप दिलं. त्यांनी काचेची वाटी उचलून उजेडाकडे धरली आणि तिच्यातून पलीकडची खिडकी दिसतेय म्हणाले. सूप संपल्यावर तिनं वाटी काढून घेतली आणि विसळायला टाकली.

साडेतीन वाजता धाकट्या भावाचा फोन आला. तो परदेशात होता. तिथं तेव्हा सकाळ होती आणि त्याच्या आवाजात झोप पूर्ण झालेल्या माणसाची टवटवी होती. त्यानं सांगितलं की औषध फ्रिजमध्ये गार केलं तर चव कमी लागते, नळीनं ओढलं तर आणखी कमी, आणि हे सगळं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मग तो म्हणाला की ताई, त्यांच्यावर चिडू नकोस, म्हातारं माणूस आहे. ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं तो टेबलावर पालथा घातला. आईच्या शेवटच्या दिवसांत तो दहा दिवस आला होता, आणि त्या दहा दिवसांतही त्यानं सगळ्यांना न चिडण्याचाच सल्ला दिला होता.

चार वाजायला पाच मिनिटं असताना तिनं पुड्या फोडल्या. प्रयोगशाळेतलं भांडं तोंडाला लावायचं नाही हा तिथला पहिला नियम, म्हणून तिनं आकडे छापलेला नवा जग दुकानातून आणला होता. पूड पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ती हलवत राहिली. जगावर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली. दोन लिटर, आठ ग्लास, दर पंधरा मिनिटांनी एक. मोबाइलवर गजर लावला आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

“अशी समोर बसणार आहेस?”

“हो.”

“मला कसंतरी होतं.”

“होऊ दे.”

पहिला ग्लास त्यांनी एका दमात संपवला, जणू पैज लावली होती. दुसऱ्याला तोंड वेडंवाकडं झालं. मीठ घातलेल्या पाण्यात कुणीतरी संत्र्याची साल बुडवून काढावी तसा वास खोलीभर झाला. तिसरा घेताना ते म्हणाले की चाळीस वर्षं लोकांचे तुंबलेले पाइप साफ केले, त्याचा कुणीतरी सूड घेतंय. हे ऐकून दुसरी कुणीही हसली असती. ती घड्याळाकडे बघत राहिली. तिसऱ्यानंतर ते घाईघाईनं उठून आत गेले, कडी लागली, आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या आतड्यातली गाठ कळली तेव्हा आतडं पुरतं बंद झालं होतं. पोट फुगून ती रात्रंदिवस विव्हळत होती. तिला दवाखान्यात नेलं, थेट ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, आणि उघडून पाहिलं तर यकृतापर्यंत गेलेलं. सर्जन म्हणाले होते की हे काल-परवाचं नाही, वर्ष-दीड वर्ष तरी रक्त जात असणार. तेव्हापासून लेकीच्या मनात एक वाक्य रुतून बसलं होतं. एका घरात, एका खोलीत राहणाऱ्या माणसाला वर्षभर बायकोकडे बघायला सवड झाली नाही. तिनं हे बाबांना एकदाच तोंडावर म्हटलं होतं, आईचे दिवस झाल्यावर भांडी आवरताना. बाबा हातातला पेला पुसत राहिले. त्यांनी ओरडून भांडायला हवं होतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

बाबा बाहेर आले. चेहरा उतरला होता, खुर्चीचा हात धरून ते बसले. चौथा ग्लास त्यांनी चार घोटांत घेतला आणि प्रत्येक घोटानंतर डोळे मिटले. ओकारी येतेय का, तिनं विचारलं. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. मग पुन्हा दोनदा आत जाऊन आले.

गजर वाजला. पाचवा ग्लास तिनं भरून दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

“घ्या.”

“घेतो.”

घेतला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. ग्लासवर त्यांचा अंगठा वरखाली फिरत होता. तिचा आवाज आपोआप चढला. तिनं सांगितलं की मागच्यासारखं मला परत तिथं मान खाली घालून उभं राहायचं नाही, परीक्षा ऐन भरात आहेत, माझी रजा कुणी झाडावरून तोडून देत नाही, आणि तुम्हाला जर हे करायचंच नव्हतं तर...

“तुझ्या आईनं इथंच सोडलं होतं,” बाबा म्हणाले.

ती थांबली. तिला आधी कळलंच नाही. आईला हे औषध कधी दिलंच नव्हतं. बंद झालेल्या आतड्याला ते देतच नाहीत.

“आईनं कधी घेतलं हे?”

“त्याच्या आदल्या वर्षी.”

मग त्यांनी सांगितलं. ग्लासाकडे बघत, सावकाश, एखाद्या गिऱ्हाइकाला गळती कुठून सुरू झाली ते समजावून सांगावं तसं. आईला रक्त जात होतं हे त्यांना ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, डॉक्टरांनी हीच तपासणी लिहून दिली, ह्याच पुड्या. मुलांना इतक्यात बोलायचं नाही असं आईनं बजावलं. उगाच घाबरतील, चांगलं निघालं की मग सांगू. तिनं चार ग्लास घेतले. पाचवा अर्धा घेतला आणि सगळं उलटून पडलं. हातापायांत गोळे आले, थंडी वाजायला लागली. संडासातून उठून खोलीपर्यंत येण्याचंही त्राण उरलं नाही, तिथंच फरशीवर भिंतीला टेकून बसली. आणि रडायला लागली.

“मी तिला तसं रडताना कधी बघितलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुझ्या आजीच्या वेळीसुद्धा नाही. मला म्हणाली, मला नाही हो जमत. मी म्हटलं, राहू दे. पुढच्या महिन्यात बघू. उरलेलं मीच ओतून टाकलं.”

“आणि पुढच्या महिन्यात?”

“पुढच्या महिन्यात रक्त जायचं थांबलं होतं.” त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “तिला बरं वाटलं. मलाही वाटलं. मग तो विषय तिनं काढला नाही, आणि मीही काढला नाही.”

तीन वर्षं तिनं या माणसाला न बघितल्याचा दोष दिला होता. त्यांनी सगळं बघितलं होतं.

“किती उरलं होतं?” तिनं विचारलं. आपण हे का विचारतोय ते तिलाही कळलं नाही.

“काय?”

“औषध. तुम्ही ओतलं ते किती होतं?”

बाबांनी खरंच आठवून बघितलं. “तीन लिटरला थोडं कमी असेल,” ते म्हणाले. “मागच्या वेळी मीही इथपर्यंतच आलो. पुढं हात जाईना. मग म्हटलं, जाऊ दे. सकाळी भूक लागली, खाल्लं.”

ती उठली. खुर्ची मागं पडली ती तिनं उचलली नाही. पायात दिसतील त्या चपला घालून जिना उतरून रस्त्यावर आली आणि चालू लागली.

रस्ता नेहमीसारखा होता. केशकर्तनालयाचा मालक आरशासारखी काच वर्तमानपत्रानं पुसत होता. लॉंड्रीतून वाफेचा वास येत होता. ती तोंडातल्या तोंडात बोलत चालली होती, आणि समोरून येणारी एक बाई तिला बघून बाजूला झाली. तिच्याजवळ वाक्यं तयार होती. तुम्हाला तिचं एका संध्याकाळचं रडणं बघवलं नाही, म्हणून मग आम्ही सगळ्यांनी चार महिने काय बघितलं. तुम्ही दयाळूपणा केलात. मला एक फोन करायला किती वेळ लागला असता. मी आले असते, मी तिला पाजलं असतं, नाक दाबून पाजलं असतं. ती बसथांब्यापाशी पोचली तेव्हा तिला आईचाही राग आला. मुलांना सांगू नका म्हणे. आईवर चिडण्याची तिला सवय नव्हती. तो राग आला तसा नुसता उभा राहिला, पुढं कुठं जायचं ते त्याला कळेना.

बस आली. ती चढली नाही, कारण पर्स वर राहिली होती. खाली बघितलं तर पायात बाबांच्या घरातल्या चपला होत्या, दोन बोटं पुढं उरणाऱ्या. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. सहावा ग्लास. तिनं गजर बंद केला. थांब्याच्या बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. आपण आता गेलो, तर वरचं औषधही अर्धंच राहणार, आणि उद्या ते पुन्हा म्हणणार की जाऊ दे. दुसरी बस आली नि गेली. सातव्या ग्लासाचा गजर वाजला तेव्हा ती परत फिरली होती.

बाबा तिथंच होते. मात्र खुर्ची उचलून जागेवर ठेवलेली होती आणि जग टेबलावरून त्यांच्या हाताशी आला होता. तिनं चपला न काढता जग उचलून डोळ्यांच्या रेषेत धरला. पाव लिटरच्या वर थोडं. म्हणजे पाचवा, सहावा आणि सातवा झाले होते, किंवा गेले होते. ती मोरीपाशी गेली. बोटानं मोरीचा तळ पुसून पाहिला. कोरडा होता. स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं सिंक पाहिलं, तेही कोरडं. वाकून वास घेतला. संडासातली फरशी आणि बेसिनसुद्धा बघून आली. बाबा खुर्चीत मान वळवून हे सगळं पाहत होते, आणि एका शब्दानंही त्यांनी तिला अडवलं नाही.

“एक राहिलाय,” ते म्हणाले.

“पंधरा मिनिटं व्हायचीत.”

ती पुन्हा समोर बसली. आठवा ग्लास त्यांनी तिच्यासमोर घेतला. शेवटच्या घोटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते बाहीनं पुसलं, आणि तिनं टॉवेल पुढं केला नाही.

सकाळी सहाला तिनं उरलेल्या पुड्या कालवल्या. पहिला ग्लास द्यायच्या आधीच तिनं सांगितलं, “आज फ्लश करायचं नाही. मला दाखवायचं.”

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय दाखवायचं?”

“जे होईल ते. पाणी स्वच्छ, पिवळसर आलं पाहिजे, तळ दिसला पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही साफ झालं म्हणालात.”

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी सांगितलं की हे होणार नाही, मी तुझा बाप आहे, काही लाजलज्जा असते की नाही. ती म्हणाली की लाजेपायीच मागचं सगळं झालं, आता लाज पुरे. आवाज इतका चढला होता की शेजारच्या बाईंचं दार उघडून परत लागल्याचं दोघांनी ऐकलं. बाबा आत गेले. कडी लागली नाही. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ती आत गेली, बघितलं, फ्लश केलं.

“अजून नाही,” ती म्हणाली.

असं पाच वेळा झालं. दर वेळी ते खिडकीशी उभे राहत आणि रस्त्याकडे बघत. तिसऱ्या वेळेनंतर त्यांची पाठ कमी ताठ झाली होती. चौथ्या वेळी ती म्हणाली, गाळ गेलाय, रंग आहे. पाचव्या वेळी तिनं बल्ब लावून नीट बघितलं. उतरलेलं पाणी प्रयोगशाळेतल्या एखाद्या विरळ द्रावणासारखं होतं, तळाची पांढरी चिनीमाती त्यातून स्वच्छ दिसत होती. ती बराच वेळ तिथंच वाकून राहिली. चार वर्षांपूर्वी याच फरशीवर आई बसली होती. तिला तेव्हा आणखी अकरा-साडेअकरा ग्लास घ्यायचे होते. तिनं हात धुतले.

“झालं,” ती बाहेर येऊन म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

दवाखान्यात एक वाजता बाबांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर ती अर्धा तास बसली. दहा मिनिटं झाली तेव्हा तिची नजर दारावर होती, पंधरा झाली, वीस झाली, दार उघडलं नाही. मग डॉक्टर आले ते हसत आले. या वेळी अगदी आरशासारखं आतडं होतं म्हणाले, असं क्वचित बघायला मिळतं. आणि त्यामुळंच सापडलं. आतड्याच्या एका वळणाआड मांसाचा कोंब उगवला होता, बोराएवढा. मागच्या वेळी तो बियांखाली दिसलाच नसता. दुर्बिणीतूनच फास टाकून काढून घेतला. तपासायला पाठवतील, पण दिसायला साधा वाटतोय. असाच कोंब वर्षानुवर्षं राहिला की त्याचा कॅन्सर होतो. वेळेवर आलात.

“काढायला किती वेळ लागला?” तिनं विचारलं.

“कोंब? दोन-तीन मिनिटं.”

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं की तिला नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं की बातमी चांगली आहे. मग कागद चाळत त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला आतड्याचा त्रास होता का. तिनं आईचं सांगितलं. डॉक्टरांचा पेन थांबला.

“आईला कॅन्सर आणि आता वडिलांना कोंब. तुमचं वय काय?”

“सेहेचाळीस.”

“तुमची तपासणी केव्हाच व्हायला हवी होती. तुम्हाला कुणी बोललं नाही?”

“बोलले होते. आईच्या सर्जननी. तीन वर्षांपूर्वी.”

“मग?”

तिनं उत्तर शोधलं. परीक्षा होत्या, नवीन विभागप्रमुख आले होते, एकदा तारीख घेऊन ती रद्दही केली होती. सगळं खरं होतं. डॉक्टर वाट बघत होते.

“राहून गेलं,” ती म्हणाली.

तारखा देणाऱ्या खिडकीवरच्या मुलीनं वही उघडून पुढच्या महिन्यातला मंगळवार सुचवला. तिनं या आठवड्यातलं काय आहे ते विचारलं. या आठवड्यात फक्त शुक्रवार, दुपारी दोन. शुक्रवारी शेवटच्या तुकडीची परीक्षा होती. तिनं शुक्रवार लिहायला सांगितला. मुलीनं पुड्या आणि छापील कागद पुढं सरकवला आणि विचारलं की सोबत कोण असणार, भूल देतात, एकटं सोडत नाहीत.

ती वळली. बाबा विश्रांतीच्या खोलीतून बाहेर आले होते. शर्ट घातला होता, पण एक गुंडी चुकल्यामुळं कॉलर एका बाजूला उचलली गेली होती. ते भिंतीला धरून उभे होते आणि तिच्या हातातल्या पुड्यांकडे बघत होते. त्यांना वाटत असावं की आपल्यासाठीच आहेत.

“वडील,” तिनं खिडकीत सांगितलं.

मग ती त्यांच्याजवळ गेली. तिचा आवाज खाली आला नव्हता. दोन बाकांवरच्या लोकांनी मान वळवून बघितलं.

“शुक्रवारी माझी तपासणी आहे. गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायचं आणि समोर बसायचं. मी चिडले तरी, रडले तरी. मी नको म्हटलं तरी ऐकायचं नाही.”

बाबांना हे पोचायला वेळ लागला. त्यांनी पुड्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“भावाला बोलावून घे,” ते शेवटी म्हणाले. “नाहीतर शेजारच्या बाई येतील. मला जमेल का ते?”

“आईच्या वेळी तुम्हाला जमलं नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच तुम्हाला सांगतेय.”

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की कळलं म्हणून ते सांगता आलं नसतं. दोघं दाराकडे निघाले. भुलीचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता, त्यांचा तोल जात होता, म्हणून तिनं त्यांचा दंड धरला. जरा जास्तच घट्ट धरला, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.